निळ्या पाट्यांचा रविवार

यज्ञेश्वर मास्तरांचा कौतुकाच्या बाबतीत हात फार आखडता. स्वयंपाक उत्तम झाला तर 'ठीक', मुलगा परदेशात नोकरीला लागला तर 'बरं'. साठी उलटल्यावर त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी सायकल शिकायची ठरवली आणि पहिल्याच दिवशी मैदानात आपटल्या, तेव्हा मास्तरांनी विचारलं होतं, "मैदानाला लागलं नाही ना?"

पण बाई हटल्या नाहीत. आता दर रविवारी सकाळी दोघं सायकलवरून निवांत निळ्या पाट्या बघत फिरायची. थोर माणसं ज्या घरांत राहून गेली, त्या घरांवर लावलेल्या या पाट्या. मास्तरांचा रिवाज ठरलेला होता. डोक्यावरची टोपी काढायची, रुमालानं पाटी पुसायची आणि वर्गात वाचावी तशी खणखणीत वाचायची. मग हा चिक्कू माणूस असा काही मोकळा व्हायचा की ऐकत राहावं. आज कसबा पेठेत एका वैद्यांच्या दारात त्यांचा आवाज कातर झाला. सदाशिव पेठेत मुलींना शिकवणाऱ्या एका बाईंची पाटी वाचून ते म्हणाले, "लोक नावं ठेवत असतील, तरी मागे हटली नाही ही बाई. काय हिंमत म्हणावी."

आनंदीबाईंना ते ऐकायला फार आवडायचं, आणि आत टोचायचंही. त्यांना नवऱ्याच्या तोंडून एक चांगला शब्द हवा होता. तो मिळवायला आधी मरायला हवं की काय, असं आज त्यांच्या मनात येऊन गेलं.

घराकडे परतताना पुलाचा चढ लागला. मास्तर निम्म्यात उतरले. आनंदीबाई मात्र दात आवळून पायडल मारत वर पोचल्या आणि थांबल्या. मास्तर सायकल ढकलत, धापा टाकत आले. आता 'ठीक' म्हणतील, असं बाईंना वाटलं.

मास्तरांनी सायकल स्टँडवर लावली. टोपी काढली. खाली वाकून त्यांनी बायकोच्या सायकलचं चेनकव्हर रुमालानं पुसलं. दुकानदारानं रंगवून दिलेलं नाव धुळीतून वर आलं.

"आनंदी यज्ञेश्वर गद्रे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. पुढचं तिथं लिहिलेलं नव्हतं, तरी ते वाचत राहिले. "साठीनंतर सायकल शिकल्या. पडल्या, पुन्हा बसल्या. नवऱ्याला मागे टाकून हा चढ चढल्या."

एक स्कूटरवाला वळून बघत गेला.

"अहो, लोक बघतायत. आणि मी जिवंत आहे अजून."

"म्हणूनच वाचलं," मास्तर रुमालाची घडी घालत म्हणाले. "त्या पाट्यांवरच्या कुणालाच ऐकू जात नाही."

पुढे सगळा उतार होता. पण डोळ्यांतल्या पाण्यानं आनंदीबाईंना रस्ता धड दिसेना, म्हणून त्या सायकल हातात धरून चालू लागल्या. मास्तरही शेजारून चालत राहिले.