फुगल्या गालाची सासू

हिंगणी गावच्या दंडारीत, म्हणजे तिथल्या लोकनाट्यात, नायिकेचं काम रूपरावचंच, हे पंचक्रोशीत ठरून गेलेलं. नऊवारी नेसून तो आखाड्यात आला की बायकासुद्धा टक लावून बघायच्या. पण पन्नाशी उलटली आणि गाल बसले. एकदा गर्दीतून कोणीतरी बोललं, "नवरी हाय का नवरीची आजी?" ते त्याच्या जिव्हारी लागलं. घरी चकार शब्द न काढता तो नागपूरला गेला आणि एका ब्युटी क्लिनिकमध्ये दोन्ही गालांत फिलरची इंजेक्शनं टोचून आला. गाल भरले. बायकोला, मनकर्णाबाईला वाटलं, यंदा माणसाला दूधतूप मानवलं.

पुढं त्याची दाढ पिकली, अन् पाठोपाठ गालांत गाठी उठल्या. डावीकडची तर लिंबाएवढी. त्यात माणूस जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळलेला. गावाच्या मनात एकच रोग आला, पण त्याचं नाव कोणी घेईना. दंडारीचे म्होरके महादेवराव भेटायला आले, पावसापाण्याचं बोलले आणि चहा घेऊन उठून गेले.

मनकर्णाबाईनं त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर आकांक्षानं गाल चाचपला, तोंडात बॅटरी मारून बघितलं.

"गालात कधी काही टोचून घेतलं होतं का?"

रूपराव खाली बघत म्हणाला, "हो जी. गाल भराचं इंजेक्शन."

"मंग आदी काऊन नाई सांगतलं तुमी?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"लाज वाटे."

गाठीचा बारीक तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर स्वतःच बाहेर आली.

"कॅन्सर नाही, काका. शरीरानं ते औषध परकं मानलं आणि त्याला घेरून टाकलं, त्याच्या या गाठी. दाढेच्या जंतूंमुळं त्या भडकल्या असाव्यात. गोळ्या देते, गाठीत इंजेक्शनं देते, हळूहळू बसतील. पण खर्रा आजपासून बंद."

मनकर्णाबाई बाकावर टेकली, पदरात तोंड घालून रडली, आणि रडता रडताच हसू लागली. "मरणाचं भेव दाखवलं मले. नवरी व्हाले निंगाले होते," ती म्हणाली.

दिवाळीनंतरची जत्रा आली तेव्हा उजव्या गालाची गाठ बसली होती, डावा गाल अजून टपोरा होता. नायिकेच्या कामाला महादेवरावांनी रोशन नावाचा तरणा पोरगा उभा केला होता. रूपराव त्यांच्याकडं गेला.

"मले सासूचं काम द्या," तो म्हणाला.

"अशा तोंडानं?"

"याच तोंडानं."

भर दुपारी, उन्हात, गालाला पदर लावून तो कण्हत कण्हत आखाड्यात आला. थांबला. बघणाऱ्या मंडळींकडं फुगलेला गाल वळवला आणि म्हणाला, "दाढ दुखून राह्यली व माय, अन् सुनेनं फुटाणे वाढले मले!"

जत्रा हसून लोळली. पुढं तो तोंडाला येईल ते बोलत गेला, आणि स्वतः लिहून दिलेलं महादेवरावही विसरले. रोशन सुनेच्या वेषात हसू दाबताना लुगड्यात अडखळून पडला, तर सासूनंच त्याला उठवून वर दोन शिव्या हासडल्या. लोकांनी रूपरावला आखाड्याबाहेर जाऊच दिलं नाही.

नायिका असताना त्याला टाळ्या मिळत. एवढं हसणं कधी मिळालं नव्हतं. अल्लीपूरच्या जत्रेचं बोलावणं तिथंच आलं, आर्वीचं दुसऱ्या दिवशी. दोघांचं म्हणणं एकच: बाकी कोणीबी आणा, सासू हीच पाहिजे.