सहावं इंजिन, चालू स्थितीत

मृणालिनीने लॅपटॉप टेबलाच्या मधोमध सरकवला आणि पडद्यावर रेल्वेच्या पाचव्या डिझेल इंजिनाचा नंबर नीट दिसेपर्यंत श्वास रोखून धरला.

"पाच," इनेके डे व्रीस म्हणाली आणि यादीवर खूण केली.

पडद्यात झांबियातलं एक यार्ड होतं. तिथला फोरमन सिमुकोंडा मोबाइल हातात धरून उन्हात चालत होता आणि इकडे रॉटरडॅमच्या ऑफिसात तीन माणसं तो वळेल तशी माना वळवत होती. हरीशच्या कंपनीची सहा इंजिनं चार वर्षांपासून तिथे भाड्याने दिलेली होती. इंजिनाचा मालक व्हायला इंजिन बघावं लागत नाही. हरीशने एकही बघितलं नव्हतं. त्याला तर ट्रेनमध्ये उलट्या दिशेला बसलं तरी मळमळायचं. आज सहाही विकली जायची होती. खरेदी करणाऱ्यांनी तपासनीस म्हणून इनेकेला पाठवलं होतं. ती ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी आली होती आणि तेवढी पाच मिनिटं दाराबाहेर उभी राहिली होती.

"आता सहावं," ती इंग्रजीत म्हणाली.

सिमुकोंडा थांबला. "मॅडम, सहावं कुठून सुरू करू?"

"म्हणजे?"

"आपण पहिल्याकडे परत जाऊ."

तो पहिल्या इंजिनावर चढला आणि त्याने हॉर्न वाजवला. "हा सहाव्याचा." दुसऱ्या इंजिनात ड्रायव्हरची सीट सहाव्याची होती, तिसऱ्यात कॉम्प्रेसर. चौथ्यात रेडिएटर आणि चाकं फिरवणाऱ्या दोन मोटर्स. उरलेलं बरंचसं पाचव्यात होतं. प्रत्येक भागावरचा नंबर त्याने वाचून दाखवला, इनेकेने यादीशी ताडून पाहिला. एकही चुकला नाही.

"सुटे भाग मागवायला आजवर सात मेल केले," सिमुकोंडा तक्रार न करता म्हणाला. "तुमचं उत्तर यायचं, नोंद घेतली आहे."

मृणालिनीने टेबलाखाली अंगठ्याचं नख दाबलं. शेवटची दोन उत्तरं तिची होती.

"म्यूट कर," हरीश मराठीत म्हणाला. तिने केलं. "अगं, सगळे भाग आहेत ना तिथे? मग इंजिन आहे. जरा पसरलंय, एवढंच."

"हरीशसर, गेल्या वर्षीचा तपासणीचा दाखला माझ्या सहीचा आहे. सहाही चालू स्थितीत, प्रत्यक्ष पाहिली."

"मग पाहिलीस की. फोटोत."

"फोटो पाचांचेच होते. एकाच इंजिनाचा दोनदा आला होता. मला वाटलं, तिकडचं नेटवर्क."

हरीशने खुर्ची पुढे ओढली. "हे बघ, दाखला खोटा ठरला तर मला तुला ठेवता यायचं नाही. तुझं परमिट आपल्या कंपनीवर आहे. नोकरी गेली की तीन महिने, मग पुणे. मी घाबरवत नाहीये तुला. तारखा सांगतोय."

दुसऱ्याच्या मुलाचं पियानोवादन ऐकावं तशी इनेके त्यांचं मराठी ऐकत होती. आवाज परत सुरू झाल्यावर तिने एकच विचारलं.

"आणि सांगाडा?"

मृणालिनीला नेमका हाच प्रश्न नको होता. इंजिनाचं बाकी सगळं बदलता येतं, पण त्याचा नंबर खालच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. तो सांगाडा जिथे, तिथे इंजिन.

"तो थोडा लांब आहे," सिमुकोंडा म्हणाला आणि चालायला लागला. आठ मिनिटं पडद्यावर त्याचे बूट दिसत होते. मग एक ओढा आला. ओढ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत सहाव्या इंजिनाचा सांगाडा आडवा टाकलेला होता आणि त्यावरून एक माणूस सायकल हातात धरून येत होता. त्याच्यामागे डोक्यावर टोमॅटोची टोपली घेतलेली बाई.

"आधी लोक छातीएवढ्या पाण्यातून जायचे," सिमुकोंडा म्हणाला. त्याने खाली वाकून मालकाच्या नावाची पाटी दाखवली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी घासून ती लखलखीत झाली होती. हरीशने आपल्या कंपनीचं नाव इतकं चकचकीत कधीच बघितलं नव्हतं.

"कधीपासून आहे हा?"

"अडीच वर्षं, मॅडम."

इनेकेने जुन्या दाखल्यांची फाइल ओढली. वरचा कागद गेल्या वर्षीचा, मृणालिनीचा. तिने तो उलटला. त्याखाली दोन वर्षांपूर्वीचा होता. मृणालिनी नोकरीला लागण्याआधी हे काम बाहेरच्या तपासनीसांना दिलं जायचं. समोर बसून तिने अक्षरं उलटी वाचली: सहाही चालू स्थितीत, प्रत्यक्ष पाहिली. खाली सही, इ. डे व्रीस.

इनेकेने कॉफीचा मग उचलला आणि बरोबर त्या सहीवर ठेवला.

हरीश पुलाकडे बघत होता. त्याला काही दिसलं नाही. इनेकेने मान वर केली आणि सरळ मृणालिनीकडे पाहिलं.

"फोरमनला तारखा नक्की आठवत नसतील," ती हळू म्हणाली. "गेल्या वर्षी तुम्ही सहावं इंजिन पाहिलं, तेव्हा पूल नव्हता. असंच ना?"

हरीशने मान डोलावली. मृणालिनीने फक्त हो म्हणायचं होतं.

पडद्यावर टोपलीवाली बाई पुलाच्या मध्यावर थांबून सिमुकोंडाला काहीतरी विचारत होती. त्याने मोबाइल तोंडाजवळ धरला. "ही विचारतेय, तुम्ही हे घेऊन जाणार का? काय सांगू?"

मृणालिनीने इनेकेला हो म्हटलं तर गेल्या वर्षी सहावं इंजिन होतं, आणि होतं म्हणजे खरेदी करणारे ते मागणार. सांगाड्यासकट.

"पाहिलं नव्हतं," मृणालिनी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच जरा मोठा वाटला. "फोटो पाचांचे होते, सही मी सहांसाठी केली. फोरमनच्या तारखा बरोबर आहेत."

हरीशने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घालायचं विसरला. "मृणालिनी," तो म्हणाला.

इनेकेने मगाचा कान धरला. तो उचलून तिने एक घोट घेतला. कॉफी गार झालेली असणार. खाली कागदावर तपकिरी गोल उमटला होता आणि त्याच्या आत तिचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

तिने फाइल हरीशच्या बाजूला फिरवली आणि पेन मृणालिनीसमोर ठेवलं.

"लिहून काढा," ती म्हणाली. "दोन्ही वर्षांचं."