पाहुणीला कोणी ओरडायचं नाही

मी ओरडते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि लपणार तरी कसं? काळाचौकीच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर मी तोंड उघडलं की तळमजल्यावरचा किराणावाला टीव्हीचा आवाज वाढवतो. कोणी नळ चालू ठेवून फोनवर गप्पा मारत बसलं, कोणी जिन्यात कचऱ्याची पिशवी ठेवली, कोणी चपला घालून स्वयंपाकात शिरलं, की शेवंतीकाकू सुरू. पोरं म्हणतात, गणपतीत काकूंना माईक देऊ नका, गरज नाही. नाहीच आहे.

त्यामुळे आमच्या मंडळाचा अध्यक्ष रमाकांत हात जोडून दारात उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं की ह्याचं काम माझ्या तोंडाशी आहे.

"काकू, परदेशातून एक मुलगी येतेय. आपल्या पोळीभाजी केंद्रात काम करायला. व्हॉलंटियर. तीन महिने राहील. तुमच्याकडेच ठेवू म्हणतो, तुमच्या अपेक्षाला इंग्लिश येतं."

"ठेव की. मग हात कशाला जोडतोयस?"

"तेवढं ओरडू नका तिला. पाहुणी आहे. आपल्या चाळीची इज्जत आहे."

"मी काय वेडी आहे का पाहुणीला ओरडायला?" मी ओरडले.

केंद्र म्हणजे फार मोठं काही नाही. मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही चाळीतल्या बायका रोज सकाळी पोळ्या आणि भाजी करतो. परळच्या हॉस्पिटलांत गावोगावची माणसं आपले पेशंट घेऊन येतात, आणि बरोबरचे लोक बाहेर फुटपाथवर पथारी टाकून दिवस काढतात. दुपारी धनेशचा टेम्पो त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातो. आमचे हे आजारी होते तेव्हा मी त्या फुटपाथवरनं रोज जायचे, तेव्हाच ठरवलं होतं की इथे काहीतरी करायचं. ते गेल्यावर केलं.

तर ती आली. नेझा नाव. देश स्लोव्हेनिया. तो कुठे आहे हे रमाकांतला माहीत नव्हतं, पण नाक्यावर बॅनर लागला. 'स्लोव्हेनियाच्या कन्येचे काळाचौकी नगरीत सहर्ष स्वागत', मध्ये तिचा एवढासा फोटो आणि बाजूला रमाकांतचा एवढा मोठा. ढोल वाजला, मी ओवाळलं, शाल झाली, नारळ झाला. पोरगी उंच, गोरी, नाकावर ऊन लागून लाल झालेली, पाठीवर तिच्याएवढी सॅक. सॅक खाली ठेवायच्या आधी तिने अपेक्षाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते गं?"

"विचारते, काम कुठे आहे?"

आम्ही सगळ्या हसलो. किती गोड! आल्या आल्या काम विचारते! आणि तिला खुर्चीत बसवलं.

ती खुर्चीच तिच्या नशिबी आली. हॉलमधली एकुलती एक धड खुर्ची, ती पंख्यासमोर तिच्यासाठी ठेवली. पंखा तिच्याकडे फिरवल्यामुळे पीठ माझ्या तोंडावर उडायचं, पण मी चकार शब्द काढला नाही. ती उठून पातेलं उचलायला गेली की चारजणी धावायच्या. "अगं अगं, ठेव! जड आहे!" लाटणं हातात घेतलं की काढून घ्यायच्या. "राहू दे बाळा, भाजशील!" भांडी घासायला बसली तेव्हा तर सगळ्याजणींचा जीवच गेला. पाहुणीला भांडी घासायला लावली म्हणून तिकडे छापून आलं तर? त्यापेक्षा चहा दिला.

आणि खायला. सकाळी आमच्याकडे घावणे, दहा वाजता समोरच्यांकडे पोहे, दुपारी कोणाकडे बांगड्याचं तिखलं, संध्याकाळी कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक. तिचे पहिले दोन मराठी शब्द 'बस' आणि 'खा'. दिवसभर तेच कानावर पडायचे, पोरगी शिकणार दुसरं काय? पुढे 'पुरे' पण शिकली, पण ते कोणी ऐकायचं नाही.

एक गोष्ट मात्र मला फार जड जायची. ती चपला घालून स्वयंपाकात यायची. आपली फटॅक फटॅक करत, कणकेच्या परातीपर्यंत! माझ्या जिभेवर शब्द यायचा आणि मी तो आवंढ्याबरोबर गिळायचे. एकदा अपेक्षा म्हणाली, "आई, तुझं तोंड असं का झालंय? दात दुखतोय का?"

आमची अपेक्षा पण कमाल. स्वतःची कपबशी विसळत नाही घरात, आणि नेझाला बघून म्हणते, मी पण जाणार परदेशात समाजसेवेला. म्हटलं जा, आधी मोरीपर्यंत जाऊन ये.

पण रात्रीच्या जेवणानंतर नेझा आमच्या गॅलरीत उभी राहायची ना, तेव्हा मला बरं वाटायचं. शब्द नसायचे दोघींकडे. ती खालच्या पोरांचं क्रिकेट बघायची, मी तिच्या केसांना तेल लावायचे. आधी दचकायची, नंतर स्वतःच बाटली घेऊन यायला लागली. माया लागली मला. खोटं कशाला बोलू?

आणि एका गुरुवारी अपेक्षा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, नेझा शनिवारी चाललीय."

"कुठे?"

"दुसरीकडे. तिला इथे पाठवणाऱ्या संस्थेला तिने कळवलं, मला दुसऱ्या ठिकाणी पाठवा. म्हणते, इथे माझी कोणाला गरज नाही. इथे मी कोणाला नकोय."

नको? आमच्या घरात ती नको? जिच्यासाठी मी दादरला जाऊन ताजे बोंबील आणले, ती म्हणते मी नकोय?

"काय कमी केलं गं आपण तिला?"

"काहीच कमी नाही केलं," अपेक्षा म्हणाली. "तेच तर. अगं, ती तिकडे वर्षभर हॉटेलात खोल्या झाडून इथे आलीय. काम करायला. आणि आपण तिला मखरात बसवलंय."

मी रात्रभर कूस बदलत राहिले. मनात म्हटलं, जायचंय तर जा बाई. पण डोळ्यांत पाणी यायचं ते यायचंच.

शुक्रवारी, म्हणजे तिच्या शेवटच्या दिवशी, केंद्रावर गडबड होती. दोघीजणी लग्नाला गेलेल्या, त्यात गॅस सिलेंडर घेऊन आलेल्या माणसाशी खाली वाद झाला, म्हणून मी गेले. तो वाद माझ्याशिवाय कोणाला झेपला नसता. वर पोळ्या झालेल्या होत्या. कापडावर पसरून गार करत ठेवलेल्या, जशा रोज ठेवतो. भाजीकडे बाकीच्यांचं लक्ष. तेवढ्यात नेझाने बघितलं, पोळ्या उघड्यावर गार पडतायत. बिचारीला वाटलं, चला, शेवटच्या दिवशी तरी उपयोगी पडू. तिने सगळ्या गरम पोळ्या उचलल्या, एकावर एक रचल्या, मोठ्या डब्यात दाबून भरल्या, वर प्लॅस्टिक घातलं, झाकण घट्ट लावलं आणि डबा शेगडीला खेटून ठेवला. गरम राहाव्यात म्हणून!

मी वर आले, झाकण उघडलं. झाकणावरून धार लागली पाण्याची. आत पोळ्या नव्हत्याच, एक ओला गोळा होता. एक उचलायला गेले तर सात आल्या, त्याही तुटून.

नेझा खुर्चीजवळ उभी, तोंडावर आशा, की आता काकू खूश होणार. बाकीच्या सगळ्या एकमेकींकडे बघून गोड हसायला लागल्या. "असू दे, असू दे. नो प्रॉब्लेम." रमाकांत तिथेच होता, दुसऱ्या दिवशीच्या निरोपसमारंभाची तयारी करत. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काकू, प्लीज. एकच दिवस राहिलाय. पाहुणी आहे."

आणि माझं झाकण उडालं.

"अगं भवाने! काय केलंस हे? डोकं कुठे ठेवलं होतंस? गरम पोळी डब्यात कोंडतात का कधी? तिकडे माणसं वाट बघत बसलीयत, त्यांना काय हा लगदा घालू? कोणाचा नवरा आत आहे, कोणाचं पोर आत आहे, एक वेळ धड जेवतात ती, ते पण तुझ्यामुळे गेलं! बघतेस काय माझ्याकडे? रडतेस? रडायला वेळ आहे का आपल्याला? चल, हात धू. परात घे, कणीक मळ. पुन्हा करायच्यात सगळ्या. आणि त्या चपला काढ आधी! काढ म्हणते ना! आल्यापासून बघतेय मी, फटॅक फटॅक! हे स्वयंपाकघर आहे की चौपाटी?"

रमाकांतने डोक्याला हात लावला. अपेक्षा पुढे झाली, तिला इंग्लिशमध्ये समजावून सांगायला.

गरजच पडली नाही. नेझाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पण तिने आधी चपला काढल्या, दाराबाहेर नेऊन नीट जोडून ठेवल्या. हात धुतले. आणि माझ्या शेजारी मांडी घालून परात ओढली. कणीक अशी मळली पोरीने, की बघत राहावं. अहो, मनगटात ताकद होती तिच्या! लाटायला मात्र शून्य. "कडेने लाट! मधे काय दाबतेस? पीठ किती घेतेस, पावडर लावतेस का तोंडाला?" मी एकदा सुरू झाले की थांबत नाही. तीही थांबली नाही. मधेच बघितलं तर नाक पुसत पुसत ही हसतेय.

जेवण उशिरा गेलं. मी तिला टेम्पोतून बरोबर नेलं. म्हटलं, चल, ज्यांना उशीर केलास त्यांना स्वतःच्या हाताने वाढ. फुटपाथवर बीडहून आलेल्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. त्यांनी तिच्या तोंडाकडे न बघताच पोळी घेतली आणि म्हणाल्या, "किती उशीर गं पोरी? भूक लागत नाही का माणसाला?"

"चूक झाली," नेझा म्हणाली. हे मी तिला टेम्पोत शिकवलं होतं.

ओल्या पोळ्या वाया घालवल्या नाहीत. संध्याकाळी कांदा-मिरचीची फोडणी देऊन सगळ्या चाळीने खाल्ल्या. नेझाने आईला फोन लावला होता, व्हिडिओवर. ती हात हलवून हलवून, डोळे वटारून काहीतरी सांगत होती, आणि तिची आई गोंधळून बघत होती.

"काय सांगतेय?" मी विचारलं.

"तुझी नक्कल करतेय," अपेक्षा म्हणाली. "आईला सांगतेय, आज मला खूप ओरडा बसला, आणि मी कुठेही जात नाही."

मी उठून आत गेले. ओट्याशी उभी राहिले उगाच.

आमचे हे शेवटचे आजारी पडले, तेव्हा मी ओरडणं बंद केलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका. मग मी काय, औषध सांडलं तरी असू दे, पथ्य मोडलं तरी असू दे. एक दिवस माझा हात धरून म्हणाले, "शेवंते, तू वरडणंस नाय हल्ली. म्हणजे माझा काय खरा नाय." मी हसण्यावारी नेलं. आता ओट्याशी उभी राहून कळलं मला, त्या पोरीला त्या खुर्चीत बसून काय वाटत असेल ते. तिच्या जेवणाखाण्याची मला काळजी होती, पण चुकायला मी तिला जागाच दिली नव्हती.

शनिवारी सकाळी रमाकांत केंद्रावर आला. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. नवा झब्बा, हातात शाल, नारळ, मागे बॅनर घेतलेली दोन पोरं. 'स्लोव्हेनियाच्या कन्येस साश्रू निरोप.' बाजूला त्याचाच फोटो, ह्या वेळी गंभीर चेहऱ्याचा. तो थेट आत शिरला, परातीपर्यंत.

"रमाकांत!"

मी नव्हे. मी तर तोंड उघडणारच होते. नेझा उठून उभी राहिली होती, कोपरापर्यंत पीठ, हातात लाटणं, आणि लाटणं थेट रमाकांतच्या पायांकडे.

"चपला! काढ आधी! चौपाटी आहे का?"

आवाज तिसऱ्या मजल्याला शोभेल असा. रमाकांत एवढा दचकला की नारळ हातातून सुटला. गुमान बाहेर गेला, चपला काढल्या, आणि परत येऊन दारातच उभा राहिला, आत यायची परवानगी मागितल्यासारखा. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शाल त्याने घडी करून परत पिशवीत घातली. नारळ फुकट घालवायचा कशाला, खवून भाजीत घातला.

मला खरं तर हसायला यायला हवं होतं. पण नाही आलं. मी नुसती बघत बसले तिच्याकडे, तव्यापाशी वाकलेल्या त्या लाल नाकाच्या पोरीकडे, आणि डोळ्यांसमोर आमचे हे आले. किती वेळ गप्प होते कोण जाणे. नेझाने उलथणं खाली ठेवलं आणि माझ्या जवळ येऊन बसली. तिच्या कपाळावर आठी.

"काकू," तिने शब्द जुळवत विचारलं, "तू ओरडत नाही. काय झालं?"

मी पदराने डोळे पुसले.

"पोळी करपतेय तुझी!" मी ओरडले. "लक्ष कुठेय? पळ!"