मामांच्या गाडीतला वास

मित्रांनो, नुकतेच जेवून उठला असाल तर थोडे थांबा, मगच माझी गोष्ट ऐका. मी एका जुन्या मोटारीतला एसी आहे आणि मला माझीच शिसारी यावी असे दिवस मी काढले आहेत.

कारखान्यातून आलो तेव्हा मी असा नव्हतो. गॅस दाबून पुढे ढकलणारा माझा कॉम्प्रेसर इंजिनाशेजारी चकचकत होता. डॅशबोर्डच्या पोटात माझी कूलिंग कॉइल होती, पातळ पत्र्याच्या शेकडो पात्यांची जाळी. हवा तिच्यातून जाई आणि गार होऊन बाहेर पडे. गाडीचे मालक फरश्यांचे विक्रेते होते. घरात सगळे त्यांना मामाच म्हणत. ते पाहुण्यांना मुद्दाम गाडीत बसवत आणि विचारत, "काय, हुडहुडी भरली ना?" तेव्हा मला फार बरे वाटे.

पण मामांनी मला नुसते वापरले. सिगारेट ओढून धूर थेट माझ्या जाळीत सोडला. ओले मोजे माझ्या तोंडापुढे वाळवले. तळलेल्या माशांचा कागद सीटखाली चार दिवस कुजला. माझ्यातून पाणी ठिबकते. ते बाहेर नेणारी बारीक नळी पाल्याने तुंबली. पाणी आतच साचले, त्यावर शेवाळ धरले, मग बुळबुळीत काळा थर आला. पुढे उंदरांनी घर केले. मी काही बोलू शकत नव्हतो, म्हणून वास सोडत होतो. मामांनी आरशाला गुलाबाचे अत्तर टांगले. मग लिंबाचे. मग कसलेतरी निळे. मित्रांनो, सडक्या पाण्यावर गुलाब शिंपडला तर वास मरत नाही, नुसता नटतो.

आणि मग मामांची भाची भाजली. ती बेकरीत काम करायची. तिथल्या भट्टीचा भडका उडाला आणि तिची मान, पाठ, दोन्ही हात होरपळले. जखमा भरल्या, पण त्या कातडीला घाम येईना. डॉक्टरांनी बजावले, "अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. हिला उन्हात तापू देऊ नका." व्यायामाच्या उपचारांसाठी तिला आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जायचे होते.

"माझी गाडी आहे की!" मामा म्हणाले. "एसीची गाडी आहे, पोरी."

त्यांचा जीव होता तिच्यावर, हे खोटे नाही. पण माझा गॅस केव्हाच गळून गेला होता. मामांनी चौकातल्या एका मेकॅनिककडून माझ्यात गॅस आणि गळती बुजवणारे औषध भरून घेतले. आठ दिवस मी कसाबसा गार राहिलो. नंतर ते औषध माझ्या नळ्यांत चिकट शेंबडासारखे गोठले आणि मी कोमट, कुबट वारा ओकू लागलो.

एका दुपारी रस्ता तुंबला होता. भाची मागे बसली होती.

"मामा, कसला तरी वास येतोय."

"कसला वास?" मामा वैतागून म्हणाले. "तुझ्या मलमाचा असेल."

स्कार्फ मानेभोवती आणखी घट्ट ओढून ती अंग चोरून बसली. थोड्या वेळाने तिचा चेहरा लालभडक झाला, ती ओकली आणि सीटवर कलंडली. समोरच्या चपलांच्या दुकानातली बाई धावत आली. तिने भाचीला सावलीत नेले, मानेवर ओले फडके ठेवले. भाचीची पिशवी घ्यायला तिने गाडीत डोके घातले आणि नाकाला पदर लावून मागे सरली.

"अहो, यात मेलंय काय?"

भाची वाचली. दुसऱ्या दिवशी मामांनी मला एका गॅरेजात नेले. तिथल्या मेकॅनिकबाईंनी डॅशबोर्ड उतरवला, माझी पेटी उघडली आणि पाना खाली ठेवला.

"दादा, इकडे या. तुम्ही हे बघितल्याशिवाय मी पुढं हात लावणार नाही."

मामा वाकले. सीटच्या फोमचे घरटे, राख, केस, लेंड्या, काळा चिकट थर आणि त्यात कॉइलला चिकटून सुकलेला उंदीर. मामा गटारापाशी धावले आणि पोटातले सगळे बाहेर काढून आले. डोळे पुसत म्हणाले, "मी तिला म्हटलं, वास तुझ्या मलमाचा आहे."

बाईंनी हातमोजे आणि ब्रश पुढे केले. दोन दिवस मामांनी माझी पेटी स्वतः घासली. बाईंनी कॉइल बदलली, नळ्यांतला चिकटा धुऊन काढला, रबरी रिंगा आणि गॅस गाळणारी बाटली नवी घातली. पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून घेतली, कुठे गळत नाही हे पाहिले, मग गॅस भरला. कितीतरी वर्षांनी माझ्यातून स्वच्छ थंडी वाहिली.

मामा भाचीच्या दारात उभे राहिले. आत जायचा धीर होईना.

"पोरी, वास माझ्या गाडीचा होता. मेलेला उंदीर होता आत. चुकलं माझं."

ती म्हणाली, "त्या दिवसापासून मी दिवसातून चार वेळा अंग पुसतेय, मामा. मला वाटलं, माझा वास सगळ्यांनाच येत असेल आणि कोणी बोलत नसेल."

मामा पायरीवर बसले. शेवटी तीच चप्पल घालून बाहेर आली. "चल मामा, रुग्णालयात जायला उशीर होतोय."

ती पुढे बसली. मी मंद वाहत होतो. तिने एकदा मामांकडे पाहिले, स्कार्फ काढून मांडीवर ठेवला आणि उघडी मान माझ्या वाऱ्याकडे वळवली. मामा समोर रस्त्याकडे पाहत राहिले.

मित्रांनो, माझी नळी साफ ठेवा, जाळी झाडा, माझ्यापुढे धूर सोडू नका. एवढे केले तर मी तुम्हाला खूप वर्षे गारवा देईन. आणि कधी घाण वास आलाच, तर आधी स्वतःच्या बाजूला वाकून बघा. मी दोन दिवसांत धुऊन निघालो. ती मुलगी मात्र अजूनही गाडीत बसण्याआधी हळूच आपला हात हुंगते.