विचारून गप्प बसणं

आमच्या पनवेलच्या कॉलेजात कुमुद मॅडमच्या कार्यशाळेतून एकही प्राध्यापक सुटलेला नाही. त्या मानसशास्त्राच्या, पण निम्मी कारकीर्द आम्हा सहकाऱ्यांना शिकवायला शिकवण्यात गेली. त्यांचा मंत्र एकच. "प्रश्न विचारा आणि गप्प बसा. मुलांना विचार करू द्या." ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

महिनाअखेरीस त्या रिटायर होणार होत्या. सोमवारी स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, "चारुता, उद्या माझ्या तासाला मागे येऊन बस. सगळ्यांचे वर्ग मी पाहिले, माझा कुणीच पाहिला नाही. मला खरंच शिकवता येतं का, हे कळल्याशिवाय पाय निघायचा नाही. खरं सांग हं."

झाली का पंचाईत! तरी बसले.

मॅडम बोलतात सुरेख, वादच नाही. पण प्रश्न विचारला की उत्तरही त्याच देऊन मोकळ्या. दरवेळी. माझ्या पुढे बसलेली नेरे गावची अंकिता दरवेळी मान वर करायची, हात अर्धा उचलायची आणि पुन्हा खाली बघायची. माझाच जीव कासावीस झाला.

तास संपल्यावर त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "बोल."

"मॅडम, तुम्ही थांबत नाही."

"काहीतरीच काय! अगं, यांना उत्तरं येत नाहीत. मग सिलॅबस कोण संपवणार?" त्या उखडल्या आणि चहाही न घेता निघून गेल्या. मीही चिडले. खरं ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला?

बुधवारी सकाळीच त्यांचा मेसेज आला, आजही मागे येऊन बस.

मॅडमनी वर्गाला विचारलं, "माणूस प्रयत्न करणं कधी सोडून देतो?" आणि गप्प झाल्या.

बाप रे, ती शांतता! मॅडमनी डस्टर उचललं, ठेवलं. खिडकीशी गेल्या, परत आल्या. कळंबोलीकडे निघालेल्या ट्रेलरचा हॉर्न वाजला. कुणीतरी खोकलं. मॅडमचे ओठ हलले. आता सांगून टाकणार, म्हणून मी मुठी आवळल्या. त्यांनी चक्क पदर तोंडाशी धरला.

अंकिता उभी राहिली. "मॅडम, सांगू? चुकंल पन."

"सांग."

"प्रश्न इचारतात, पन उत्तर आयकाला कोन थांबत नाय. तवा सोडतो मानूस. आमी तर सोडलंच व्हतं."

कुणी हसलं नाही. मॅडमचा चेहरा मला बघवेना.

"आमी म्हणजे कोण कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

आधी एक हात वर झाला. मग दुसरा. मग जवळजवळ सगळ्या वर्गाचे.

मॅडम अंकिताच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. डोळे भरले होते.

"बोला," त्या म्हणाल्या. "अजून थोडे दिवस आहेत माझ्याकडे."