पाणी उभं राहिलं तेव्हा

"सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," असं म्हणून चावीवाल्याने मांडीवर थाप मारली. गप्पा मारायला आलेल्या शेजारच्या शिंप्याने लगेच सांगून टाकलं की विश्वास आधीपासूनच नाही, तेव्हा त्याने निवांत सुरुवात करावी.

सुट्टीची दुपार होती. चावीवाल्याच्या बाहेरच्या खोलीत बसायला जागा अशी नव्हतीच. बहिणीचा पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला, तिचं कपाट दाराला अडत होतं, आणि चिखलातून काढलेली तिची गादी अजून पुरती वाळली नव्हती. तिच्या घराची मागची भिंत बसली तेव्हापासून ती, तिचा नवरा आणि वाचलेलं सामान भावाकडे होतं. आत्ता ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. भावाशी कामापुरतं बोलायची. म्हणूनच चावीवाला जरा चढ्या आवाजात सांगत होता. ती एकदा हसली असती, तर त्याच्या घशाखाली सुखाने घास उतरला असता.

चावीवाला म्हणजे रस्त्याखालच्या नळांच्या चाव्या उघडबंद करणारा. पूर्वी कुठे जोड फुटला की तो साहेबांना जाऊन सांगे आणि साहेब माणसं धाडत. आता सांगून भागत नव्हतं. खड्ड्यात उतरून फोटो काढायचा, फोनवरून पाठवायचा, तिकडे एक यंत्र तो तपासणार, आणि फोटो त्याच्या पसंतीला उतरला तरच तक्रार पुढे सरकणार. साहेबांनी हात वर केले होते. हिरवी खूण आली की माणसं पाठवतो, म्हणाले, त्याआधी माझ्या हातात काही नाही.

आणि जोड फुटला तो नेमका बहिणीच्या घरामागे.

पहिला फोटो परत आला: अस्पष्ट. येणारच, चावीवाला म्हणाला, तुषार असे उडत होते की मी इतका धुऊन निघालो, वर आलो तर बायकोने नाव विचारलं. दुसरा परत आला: अंधार. मग म्हणे त्याने न्हाव्याकडचे सगळे आरसे आणले, गल्लीतल्या बायकांच्या हाती दिले, आणि ऊन या आरशातून त्या आरशात वळवत वळवत कोपऱ्यावरून खड्ड्यात उतरवलं. वाटेत एक म्हातारा उभा होता, त्याची दाढी त्या उजेडातच झाली. यंत्र म्हणालं: उजेड जास्त.

"तुझ्या टकलावरून आलं असेल ऊन," शिंपी म्हणाला.

आत बहिणीने पुढचा कपडा झटकून घडीला घेतला. बहीण तेव्हा रोज विचारायची की भिंतीला ओल चढतेय, माणसं कधी येणार; आणि तो रोज उद्या म्हणायचा. एवढं त्याने गोष्टीतून गाळलं होतं.

पुढच्या खेपेला यंत्राचा हुकूम आला: वस्तू स्थिर ठेवा. आता कारंज्याला स्थिर कसं ठेवणार? तर चावीवाल्याने म्हणे पाण्याला झापलं. टाकीत होतंस तेव्हापासून ओळखतो तुला, म्हणाला, जरा लाज वाटू दे, उभं राहा. आणि पाणी उभं राहिलं. हवेतल्या हवेत, काचेच्या कांबीसारखं. त्यावर त्याने टॉवेल वाळत घातला. एक चिमणी येऊन बसली, तिने चोचसुद्धा हलवली नाही. फोटो निघाला आणि यंत्राने हिरवी खूण दिली.

शिंपी पोट धरून हसला. डोळे पुसता पुसता त्याने सहज विचारलं, "मग खूण आल्यावर माणसं का नाही आली रे?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. चावीवाला म्हणाला, फोटो यंत्राला एवढा आवडला की त्याने उत्तर दिलं, गळती आढळली नाही, आणि तक्रारच बंद करून टाकली.

"हे मात्र अगदीच फेकलंस," शिंपी म्हणाला. अख्ख्या गोष्टीत तेवढंच धडधडीत खरं होतं.

बहीण दारात येऊन उभी राहिली. हातात नवऱ्याचा सदरा होता, अर्धा दुमडलेला.

"पाणी उभं नव्हतं राहिलं, दादा. तू चावी बंद केली होतीस. माझाही नळ त्याच वेळी गेला. मला वाटलं, चला, जोड बसवायला घेतला. भरून ठेवलेल्या पाण्यातून तुझ्यासाठी चहा टाकला मी."

शिंपी उगाच पलंगाच्या पायाकडे बघत बसला. खालच्या गल्ल्या किती वेळ कोरड्या ठेवणार होतो, हे चावीवाल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"कोरड्या जोडाचा फोटो पाठवलास, तो पास झाला," तिने सदऱ्याची बाही सरळ केली. "मग चहा प्यालास, छान झालाय म्हणालास, आणि जाऊन चावी परत उघडलीस."