दाराखालची पट्टी

सेन्य बंदराच्या धक्क्यावर उभी असते ती जुनी लाल मोटार मीच, मित्रांनो. माझी गोष्ट गोड नाही. मी एका माणसावर सूड उगवला आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

माझ्या पहिल्या मालकाने मला चाळीस वर्षं जपलं. तो गेल्यावर त्याच्या मुलीने, नेवेंकाने, मला पुन्हा उभं करायला व्येको नावाच्या कारागिराकडे सोपवलं. एका पत्र्यावर दुसरा बसवण्याआधी दोन्हींना आतून जस्ताचा रंग द्यायचा, वेल्डिंगनंतर फट लेपाने बुजवायची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने दाराखालच्या पट्टीत जुन्या गंजावरच कोरा पत्रा चढवला, लुकण भरलं आणि वर झगझगीत रंग मारला. लोक थांबून कौतुक करत. मी आतून कुजत होते.

दुसऱ्याच हिवाळ्यात डोंगरावरून इकडे 'बुरा' म्हणतात तो सोसाट्याचा वारा सुटला. त्याने उडवलेलं समुद्राचं खारं पाणी सांध्यांत शिरलं, रंगाला फोड आले. नेवेंकाने विचारलं तर व्येको म्हणाला, "काकू, गाडी समुद्राकाठी ठेवता, धूत नाही. दुसरं काय होणार?"

तिला ते खरं वाटलं. ती मला रोज गोड्या पाण्याने धुवायची आणि वडिलांची माफी मागायची. तेव्हापासून मी दबा धरून बसले.

शेवटी थकून तिने मला भंगारात द्यायचं ठरवलं. सुटे भाग काढायला मला न्यायला व्येकोच आला, सोबत दोन नवी गिऱ्हाइकं. कोळीही जमले. मालकिणीची हयगय दाखवायला त्याने त्या पट्टीवर पाय आपटला. मी जराही तग धरला नाही. त्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि फाटक्या पत्र्याने मी तो गच्च धरला.

नेवेंकाची शेजारीण तोंका जहाजांच्या कारखान्यात पत्रे जोडायची. ती पत्रा कापायची कातर घेऊन आली. तिने पत्रा थोडा कापून सांध्यात बोट फिरवलं.

"आत रंगाचा थेंब नाही, नेवेंका. यात तुझी काही चूक नाही."

नेवेंकाने तिचा हात थांबवला. "व्येको, आतून रंग दिला होतास?"

"काकू, आधी पाय सोडवा."

"दिला होतास का?"

"नाही," तो पुटपुटला.

"कोळ्यांना ऐकू आलं नाही."

त्याला मोठ्याने सांगावं लागलं. गिऱ्हाइकं निघून गेली. मगच तोंकाने उरलेला पत्रा कापला, अगदी सावकाश.

पुढे दोघींनी मला नीट दुरुस्त केलं. प्रत्येक पत्र्याला आतून जस्ताचा रंग दिला, ओल शिरू नये म्हणून पोकळीत मेण सोडलं. मित्रांनो, जे झाकलं जाणार आहे, ते झाकण्याआधी जपा. आम्हाला बोलता येत नाही, पण आम्ही विसरत नाही.

व्येको अजून लंगडतो. तो धक्क्यावरून गेला की मी बघत राहते. मला बरं वाटतं.